ठिबकच्या नळीचे चारशे मीटर

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे आप्पांचा किस्सा मी थोडा वाढवलाय. आणि माझ्या स्वतःच्या टायमिंगवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. पण बाकी सगळं खरं!

ग्राउंडवरचे किस्से साठतात ते पळून झाल्यावर, दम खाताना. धापा टाकणाऱ्या माणसाला धड खोटं बोलता येत नाही. मी मात्र कधीच पळायचो नाही. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. त्यामुळे मला सगळं जमायचं.

आमचं गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडं. पूल ओलांडला की दौंड. गावामागच्या माळावर सकाळी साडेपाचला आम्ही जमायचो.

*

मी कोच कसा झालो? तर एकदा चहा पिताना सहज बोलून गेलो, "कॉलेजला असताना दौंडच्या स्पर्धेत पंधराशे मीटर चार मिनिटं पाच सेकंदात मारलंय!"

विकास म्हणून एक पोरगा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. त्यानं बशी खाली ठेवली. "तात्या, मग पुढं नॅशनलला का न्हाई गेला?"

"म्हशी होत्या."

खरं तर त्या स्पर्धेत माझ्या मागं एकच जण होता, आणि त्याच्या बुटाची नाडी सुटली होती. पण दुसऱ्या दिवसापासून पोरं मला विचारायला लागली, "तात्या, टार्गेट किती ठेवू?"

*

आप्पा पूल ओलांडून सायकलवर यायचे. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, वय बासष्ट, शुगर वाढलेली. सोळाशे मीटरला त्यांना तेरा मिनिटं लागायची.

मी कार्डशीटवर तक्ता केला. दर आठवड्याला एक मिनिट कमी! आप्पा खूश. विकास बोटं मोजत तक्त्यापुढं उभा राहिला.

"तात्या, या हिशोबानं दिवाळीला आप्पा सुटायच्या आधीच पोचत्यात की!"

आप्पा म्हणाले, "पोचू दे. तीस वर्सं लेटच पोचलोय."

*

विकासचं दुखणं वेगळंच. शिट्टी वाजली की पहिला राउंड बैलासारखा उधळायचा, आणि दुसऱ्याला कमरेवर हात ठेवून चालायचा. "सावकाश सुट," असं मी त्याला एकदाही सांगितलं नाही. बघायला मजा यायची ना!

एका रविवारी त्यानं मोबाइलवर स्टेटस टाकलं, 'आज आठशे मीटरमध्ये पहिला.' खाली बारीक अक्षरात, 'अर्ध्यापर्यंत.'

*

आता सारिका. वय पंचवीस, कोरेगाव भीमाच्या एका कंपनीत पॅकिंगला. सकाळी पळायचं आणि तशीच कंपनीची बस पकडायची. भरतीत पोरींना आठशे मीटर असतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं की पैकीच्या पैकी मार्क. कालव्याच्या रस्त्यावर तिला तीन दहा लागायचे. सहा महिने घासली, तीन आठ झाले.

"दोनच सेकंद व्हय?" ती नाराज. सहा महिन्यांत दोन सेकंद! तेव्हा मला वाटलं, कोचचीच इज्जत चाललीय.

*

म्हणून मी माळावर पक्का राउंड आखायचं ठरवलं. मोजायला टेप कुठं आहे? घरात ठिबकच्या नळीचं बंडल होतं, वर छापलेलं, चारशे मीटर. ते माळावर गोल अंथरलं, टोकाला टोक लावलं आणि नळीच्या कडेनं चुन्याची फक्की मारली. झाला इंटरनॅशनल ट्रॅक!

त्याच बंडलातली चाळीस मीटर नळी कापून मी आधीच काकडीला जोडली होती, हे साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी सारिकानं दोन राउंड मारले. मी घड्याळ थांबवलं. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस! पोरीनं माळावर लोळण घेतली. आप्पासुद्धा एक मिनिट लवकर आले.

"आता दोन चाळीसचं टार्गेट!" मी ओरडलो.

मंगळवारी तिनं पेढे आणले. मी दोन खाल्ले. आणि महिना भरला तसा तिनं कंपनीचा जॉब सोडला. सुपरवायझर म्हणाला, रजा टाक. ही म्हणाली, "रजा कशाला सर? दोन अठ्ठेचाळीस हाय माझं."

*

भरतीचं ग्राउंड पुण्याला. तिथं पायाला चिप बांधतात, शिट्टीवाल्या तात्याचं काही चालत नाही.

तीन मिनिटं नऊ.

संध्याकाळी ती माळावर आली. मी आधीच तयार होतो. "तिथली माती जड असती गं. आन् तुला रात्री झोप लागली नसंल."

ती बसलीच नाही. "तात्या, शेवटचा स्प्रिंट मी अंगानं वळखते. दुसऱ्या राउंडला इथं ते बाभळीचं झाड येतं, तिथून जीव काढायचा आन् लाईन. तिथं मी तेवढंच पळून झाल्यावर जीव काढला. मान वर करून बघते तर लाईन लांबच हाय. पाय उरलंच न्हवतं."

मी म्हणालो, "वारा असंल."

आप्पा सायकलला टेकून उभे होते. पहिल्यांदाच मला त्यांनी तात्या म्हटलं नाही. म्हणाले, "ए, गप."

*

आणि हा शेवटचा.

चार दिवसांनी मी मळ्यात गेलो तर सारिका काकडीच्या सऱ्यांत वाकलेली. नळीचे तुकडे एकेक उपसून खांद्यावर घेत होती. माळावर पडलेल्या बंडलाचं कापलेलं टोक तिनं बघितलं असणार. सगळे घेतले. माझ्याकडं बघितलं नाही, माळाकडं चालू लागली. मीही मागनं गेलो, फक्कीची पाटी घेऊन.

मी आखलेल्या राउंडच्या बाहेरून तिनं बंडल नव्यानं अंथरलं आणि त्याला ते तुकडे जोडले. मी फक्की मारली. मग तिनं विचारलं, "सांगा. या राउंडवर म्हैन्यात किती कमी करू?"

"दहा सेकंद."

ती बघतच राहिली.

"पाच."

"तात्या."

"...एक," मी म्हणालो. "फार तर दीड."

"मग दीड," ती म्हणाली. माझ्या गळ्यातलं स्टॉपवॉच काढून तिनं आप्पांच्या हातात दिलं आणि लाईनीवर उभी राहिली. शिट्टी माझ्याकडंच ठेवली.

आता कबूल करतो. आप्पांना तेरा नाही, अकराच मिनिटं लागायची. ते सोडा. या सगळ्यात खरोखर रचलेली गोष्ट एकच. नळी कापल्याचं मी विसरलो, असं वर लिहिलंय ना? अठ्ठेचाळीस आले त्याच संध्याकाळी काकडीला पाणी सोडताना मला आठवलं होतं. पेढे दुसऱ्या दिवशी आले.