शेहेचाळीस हजार तास

वडीगोद्रीत हायवेला लागून साधनाचा फोटो स्टुडिओ आहे. बाई माणूस लग्नाचं शूटिंग करते म्हणून सुरुवातीला लोक तिच्याकडे बघत राहायचे. मग बायकांनाच ते बरं वाटायला लागलं. हळदीला, चुडा भरताना, नवरीच्या खोलीत साधना कॅमेरा घेऊन बसली तरी कुणी पदर सावरत नसे. बारा वर्षांत तिनं आसपासच्या गावांतली चारशेच्या वर लग्नं टिपली.

तिला कॉम्प्युटर शिकवला तो जालन्यातल्या मस्तगडच्या राधेश्यामनं. त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. साधनाला माउस नीट धरता येत नव्हता तेव्हा त्यानं शेजारी खुर्ची टाकून तीन महिने तिला व्हिडिओ जोडायला शिकवलं, आणि त्याचं काही घेतलं नाही. ती त्याला भाऊ म्हणायची. त्यानं सांगितलेली वस्तू तिनं कधी दुसरीकडे विचारून पाहिली नाही.

दोन वर्षांपूर्वी राधेश्याम म्हणाला, "साधना, तुझ्या ह्या पाच छोट्या हार्ड डिस्क आता म्हाताऱ्या झाल्या. कधी बी बसतील. एक मोठी घे, सगळं एकाच जागी ठेव. जुन्या मी बदल्यात घेतो."

नवीकोरी, पाकीटबंद डिस्क त्यानं तिच्यासमोर पाकीट फोडून बाहेर काढली. सगळी लग्नं तिच्यात भरायला दोन दिवस लागले. जुन्या पाच त्यानं ठेवून घेतल्या. साधनाला हायसं वाटलं.

त्या चारशे लग्नांत द्वारकाबाईंच्या मुलीचं, मोनालीचं लग्न होतं. लग्नानंतर वर्षभरात मोनाली काविळीनं गेली. द्वारकाबाईंना दिलेला पेन ड्राइव्ह घर बदलताना हरवला, तेव्हा साधनाच त्यांना म्हणाली होती, "मावशी, काळजी करू नका. माझ्याकडं सगळं बराबर आहे. कधी बी या."

यंदा एप्रिलमध्ये द्वारकाबाई आल्या. हळदीच्या दिवशी मोनाली कॅमेऱ्याकडे बघून आईची नक्कल करत होती, तेवढंच त्यांना पाहायचं होतं. "तिचा आवाज इसरत चालले गं," त्या म्हणाल्या.

साधनानं डिस्क लावली. आतून टक्, टक्, टक् असा आवाज आला, मग एक बारीक घरघर, आणि पुन्हा टक्. पडद्यावर काहीच उमटलं नाही. तिनं वायर बदलली, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली.

"वायरीचं काही असंल मावशी. मी करून घेते," ती म्हणाली. वायरीचं नाही हे तिला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती डिस्क पदराआड धरून संभाजीनगरला गेली. तिथं अरुंधती नावाच्या बाई बिघडलेल्या डिस्कमधला डेटा काढून देतात. त्यांनी धूळ न शिरणाऱ्या काचेच्या पेटीत डिस्क उघडली आणि साधनाला बोलावलं. आत आरशासारखी चकचकीत तबकडी होती आणि तिच्यावर गोल, खरवडलेला पट्टा पडला होता.

"ही मिनिटाला पाच-सहा हजार वेळा फिरते," अरुंधतीबाईंनी सांगितलं. "वाचणारं टोक हिला टेकत नाही, हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगतं. केसापेक्षा कितीतरी कमी अंतर. पण फिरणारी वस्तू झिजतेच. बेअरिंग झिजतं, उन्हाळ्यात डिस्क तापते, लाइट ये-जा करते. एक दिवस टोक टेकतं आणि चरा पाडतं. त्या चऱ्याची भुकटी आतच उडते, आणखी चरे पाडते. टक् टक् आवाज आल्यावर तुम्ही कितीदा चालू केली?"

"सात-आठ वेळा."

अरुंधतीबाईंनी पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हिनं किती काम केलंय ते हिच्यातच नोंदलेलं असतं. शेहेचाळीस हजार तास. पाच वर्षांच्या वर, रात्रंदिवस. तुम्ही कधी घेतली?"

"दोन वर्षं झाली. मी आठवड्यातून एक-दोनदाच लावते."

"मग ही आधी सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगच्या पेटीत असणार. दुकानात, गोडाऊनमध्ये पहाऱ्याला असते तसल्या. तिथून काढली, नवं लेबल लावलं. नवी असती तरी कधीतरी बंद पडलीच असती. पण ही दमलेलीच तुमच्याकडे आली."

यातलं काही निघणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

परतताना साधना जालन्यात उतरली. राधेश्याम दुकानातच होता. तिनं डिस्क काउंटरवर ठेवली आणि तासांचा आकडा सांगितला. त्याचा चेहरा फारसा बदलला नाही.

"सगळेच असा माल विकून राह्यले. चालली ना दोन वर्षं?"

"भाऊ, तुम्ही मला सांगितलं असतं तर मी जुन्या पाच दिल्या नसत्या. त्या कुठंयत? त्याच्यात सगळं होतं."

राधेश्यामनं चार्जरची वायर गुंडाळायला घेतली. "त्या तेव्हाच पुसून इकल्या."

"नव्या म्हणून?"

त्यानं नजर वायरीवरच ठेवली. आपल्या जुन्या डिस्क पाकिटात घालून कुणाच्या तरी हाती नव्या म्हणून गेल्या, हे साधनाला तिथं उभ्या उभ्या समजलं. ज्या हातांनी तिला शिकवलं तेच हात आता वायर गुंडाळत होते. तिनं काउंटरवरची डिस्क उचलली. ती पायऱ्या उतरली.

द्वारकाबाईंच्या घरी जायला तिला चार दिवस लागले. तिनं सगळं सांगितलं, राधेश्यामचं नावही. द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मला तो मानूस ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "मी तुह्याकडं ठिवल्तं. तू हाय म्हनलीस, म्हनून मी कुनाकडं मागितलं न्हाई. तवाच पाव्हन्याइच्या फोनात सापडलं असतं."



मे महिनाभर साधना स्कूटीवर गावोगाव फिरली. बारा वर्षांत दिलेल्या सीडी, पेन ड्राइव्ह तिनं परत मागितले. कुणाच्या सीडीला बुरशी आली होती, कुणाचा पेन ड्राइव्ह गाणी भरायला पुसला होता. सव्वाशेच्या आसपास लग्नं मिळाली. ती तिनं आता दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवली आहेत, एक घरी, एक माहेरी. मोनालीची मैत्रीण शालू ही कुंभार पिंपळगाव या गावात दिली आहे. तिच्या फोनमध्ये वरातीचा एक तुकडा सापडला. मोनाली हसते आहे, ओठ हलताहेत, पण बँडपुढे शब्द ऐकू येत नाहीत. द्वारकाबाईंनी तो दोनदा पाहिला आणि फोन परत दिला.

राधेश्यामचा दिवाळीला फोन आला. साधनानं उचलला नाही.

डिसेंबरात द्वारकाबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. शूटिंगला अंबडचा माणूस सांगितला होता. साधनाला जेवणाचं आमंत्रण आलं. ती गेली, कॅमेऱ्याशिवाय बायकांच्या पंगतीत बसली, आणि आहेर देऊन परत आली.