पिंजऱ्यातली गुणगुण

मेधाने मला खोलीच्या दारातच थांबवलं. म्हणाली, "मावशी, आज तुम्ही एकट्याच आत जा. मी काचेतून बघते."

आतले डास मरत होते, आणि मी हात लावला की मरत होते. तोवर हे कोणी उघड बोललं नव्हतं.

शहापूरहून डोळखांबला जाणाऱ्या रस्त्यावर डासांवर संशोधन करणारं एक छोटं केंद्र होतं. मी तिथे अटेंडंट. शिक्षण चौथी. नव्वद सालानंतरची गोष्ट. लोक डास मारतात, आम्ही पाळायचो. जाळीचे सात पिंजरे होते, प्रत्येकाला हात आत घालायला कापडाची नळी शिवलेली. मी रोज एका पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घालून तो साफ करायचे, साखरपाण्याचा कापूस बदलायचे. आठवड्यात सात, रविवारचा मेधा करायची. खोलीला म्हणायचे इन्सेक्टरी. दार उघडलं की गुणगुण कानात भरायची.

मेधा कल्याणची, एम.एस्सी. झालेली. परदेशात पीएच.डी.ला जायचं, तर आधी वर्षभर इथे काम करून केंद्राच्या प्रमुख सरांचं शिफारसपत्र मिळवायचं, असा तिचा बेत. डासांच्या माद्यांना अंडी घालायला रक्त लागतं. ते ती स्वतःच्या हाताचं द्यायची. हात फोडांनी भरलेला असायचा. एकाच जातीच्या बारा पिढ्यांची नोंद करायची होती. दहावी चालू होती. डास गेले तर काम गेलं, वर्षही गेलं.

शुक्रवारी पहिला पिंजरा गप्प झाला. सगळे डास तळाशी, उताणे. शनिवारी दुसरा. रविवारी माझी सुट्टी. तिसरा पिंजरा मेधाने साफ केला आणि एकही डास मेला नाही. सोमवारी मी आले, चौथा गेला. साखर बदलली, पाणी उकळून घेतलं, कापूस नवा आणला. मंगळवारी पाचवा. सरांनी विचारलं, घरी कोणी आजारी आहे का. मी नाही म्हटलं. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

बुधवारी मेधाने वीसेक डास एका लहान पिंजऱ्यात काढले आणि मला आत पाठवलं.

मी हात घातला. डास माझ्या केंद्राच्या कोटाच्या बाहीवर येऊन बसले, नेहमीसारखेच. थोड्या वेळाने एक खाली पडला आणि पाठीवर गरगर फिरू लागला. मग दुसरा. पाय हलत राहायचे, मग थांबायचे. उरलेल्या पिंजऱ्यांतून आवाज येत होता. माझ्या हाताभोवती नव्हता. हात बाहेर काढायचं मला सुचलं नाही.

मेधा आत आली, पण माझ्यापासून लांब उभी राहिली.

"मावशी, घरीही असं काही होतंय का?"

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. घरात पाली भिंतीवरून गळून पडत होत्या. झुरळं केरात निघत होती. आदल्या दिवशी मांजर अंगणात थरथरत मेलं होतं. सून म्हणत होती, आपल्या घरावर कोणीतरी काहीतरी केलंय. ती रोज उंबऱ्यावर लिंबू ठेवायची.

"व्हतंय," मी म्हटलं. "पाली मरतात. मांजर पण मेला."

"कधीपासून?"

"मलेरियाचे फवारणीवाले येऊन गेले तवापासून. यंदा भिंत सारवली नाय."

"का नाही सारवली?"

"तूच बोललीस ना गो, सारवू नका."

फवारणीवाले घराच्या भिंतींवर औषध मारून जातात. पांढरे ओघळ राहतात, वास सुटतो. आमच्याकडे बायका दुसऱ्या दिवशी त्यावर शेणाचा हात फिरवून मोकळ्या होतात. मीही दरवर्षी तेच करायचे. मेधाने समजावलं होतं की औषध भिंतीवर राहिलं तरच त्यावर बसलेला डास मरतो. मी ऐकलं. केंद्राचा कोट मी धुवायला घरी न्यायचे आणि त्याच भिंतीच्या खुंटीला टांगायचे. बाहेरचे डास औषधाला सरावलेले असतात. आमच्या डासांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्यांना भिंतीवरून बाहीला लागलेली औषधाची भुकटी पुरली.

मेधाने बाहीचा तुकडा कापून आणखी दहा डासांत ठेवला. दहाही मेले. ती खुर्चीत बसली आणि तिने नोंदवही पुढे ओढली.

सर म्हणाले, वहीत 'कारण अज्ञात' लिही, उगाच केंद्राचं नाव खराब नको.

"सल्ला माझा होता सर," मेधा म्हणाली. "तोच लिहिणार."

तिने लिहिला. त्या वर्षी शिफारसपत्र मिळालं नाही. औषधाचा संशय असलेले डास मोजणीत चालत नाहीत, म्हणून जिवंत राहिलेले तीन पिंजरेही मलाच फ्रीजरमध्ये ठेवावे लागले. झाकण लावल्यावरही आतून गुणगुण येत होती. बारीक होत गेली, मग थांबली. मी ती संपेपर्यंत उभी होते.

मेधाने कागदावर सुकवून ठेवलेली जुनी अंडी पाण्यात सोडली आणि पहिल्या पिढीपासून सुरुवात केली. एक वर्ष उशिरा गेली, पण गेली.

केंद्रात नियम लागला की कोट घरी न्यायचा नाही. दुसऱ्याला सल्ला देण्याआधी तो कपडे कुठे टांगतो ते विचारावं, असा नियम मात्र कोणी लावला नाही.