आईने बडवलेला तांदळाचा डबा

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी दुकानात गिऱ्हाईक नसलं की वाचते आणि हसते. पनवेलला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दिवस लोकांच्या आधार कार्डांत जातो, भुताखेतांना वेळ नाही. तरी आज लिहायला बसले, कारण डोकं फिरलंय. परवा भावकीतली एक काकू आईला भेटायला आली आणि जाताना आमच्या तांदळाच्या डब्याला हळदकुंकू लावून गेली... डब्याला. उद्या ही गोष्ट भलतीच होऊन फिरायच्या आत, घडलं ते जसंच्या तसं लिहून टाकते.

माझा धाकटा भाऊ नितेश. न्हावा शेव्याला क्रेन मेकॅनिक होता. दीड वर्षापूर्वी बायको प्रणाली आणि सहा वर्षांची स्वरा यांना घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला — डार्विनला, नकाशात पार वरच्या टोकाला. परदेश म्हणून आम्ही तिघांना स्वेटर घेऊन दिले. ते अजून बॅगेतच आहेत. पहिल्याच महिन्यात प्रणाली फोनवर रडली. स्वराच्या अंगभर घामोळं, दाराबाहेर पाऊल टाकलं की कपडे ओले, आणि कमोडचं झाकण उघडलं तर आत हिरवागार बेडूक. एकदा चपलांच्या स्टँडमध्ये अजगर निघाला. शेजारचा माणूस म्हणे हसत आला आणि उचलून मागच्या झाडीत सोडून गेला. मग हळूहळू सरावल्या दोघी. स्वराने तर बेडकाचं बारसं केलं.

नितेशला मात्र सरावायची गरजच नव्हती, कारण त्याला सगळं आधीपासूनच येत होतं. "ताई, आपल्या मे महिन्यापुढं हे काय हाय?" एके दिवशी त्याने खाडीचा व्हिडिओ पाठवला. तसाच काळा चिखल, तशीच तिवरांची झाडी, आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, तर हाताच्या पंज्याहून मोठे. व्हिडिओच्या कोपऱ्यात एक पिवळा बोर्ड दिसत होता, त्यावर जबडा उघडलेली मगर. मी लगेच फोन केला. तर म्हणतो, "ते टुरिस्टांसाठी. आपन खाडीची मानसं. वहोटीला चिखलात कोन येतंय?"

हाच तो मूर्खपणा. आमच्या सात पिढ्या खाडीत चिंबोऱ्या पकडत आल्या, आणि आमच्या त्या खाडीत भिण्यासारखी गोष्ट एकच — भरती. वाकून बिळात हात घातलेल्या माणसाला पाठीमागचं पाणी दिसत नाही. म्हणून आमच्यात एक जण बांधावर बसायचा, आणि पाणी वळलं की तेलाचा रिकामा डबा बडवायचा. तीन ठोके, थांबायचं, पुन्हा तीन. डबा वाजला की हातातलं टाकून बाहेर यायचं. आमच्या घरात हे काम आईचं होतं. पुढे गाव विमानतळाच्या जागेत गेलं, आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये आलो. स्वरा या फ्लॅटमध्येच वाढली. तिने खाडी पाहिली नव्हती आणि डबाही ऐकला नव्हता.

ऑक्टोबरमधला रविवार होता. नितेशने सकाळी मेसेज टाकला होता की मॉलमध्ये चाललोय. आई ओट्यापाशी बसून वाल सोलत होती, मी इस्त्री करत होते. अकरा वाजून गेले होते. आई उठली, तांदळाचा पत्र्याचा डबा काढला आणि पाच किलो तांदूळ सरळ फरशीवर ओतला. मी ओरडले. तिने बघितलंही नाही. लाटणं घेतलं आणि डबा बडवायला लागली. तीन ठोके. थांबली. पुन्हा तीन.

मी तिचा हात धरला. बाहत्तर वर्षांची बाई, गुडघ्यांनी बेजार, पण तो हात मला थांबवता आला नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "वर काय तोडफोड चालू आहे?" मग जशी सुरुवात झाली तशीच आई थांबली आणि खाली बसून तांदूळ गोळा करू लागली.

"काय केलंस हे?" मी विचारलं.

"मना नाय म्हाईत. हात थांबत नव्हता."

मी तिला नको ते बोलले. डॉक्टरला दाखवते म्हणाले, वेड लागलंय म्हणाले. ती तांदळातले खडे बघत राहिली. ते शब्द आता परत घेता येत नाहीत, याची मला लाज वाटते.

दोन तासांनी प्रणालीचा फोन आला. मॉलबिल काही नव्हतं. त्यांच्या दुपारी नितेश प्रणालीला गाडीत बसवून स्वराला घेऊन त्या खाडीत उतरला होता. घोटाभर चिखल, हातात बादली. मध्येच स्वरा वळली आणि काठाकडे चालायला लागली. तो हाका मारतोय, ही थांबेना. शेवटी तो बादली तिथेच टाकून रागारागाने मागे गेला, काठावर तिला पकडलं आणि हात उगारला. तेवढ्यात मागे पाणी फुटलं. दोघं मघाशी उभे होते तिथून मगरीने बादली ओढून नेली.

स्वरा म्हणाली, "कोणीतरी डबा वाजवतंय, बाहेर या म्हणून."

नितेशने काहीही ऐकलं नव्हतं.

मी सगळं तपासलं. त्यांचे फोन गाडीत होते, आमच्याकडून कॉल गेला नव्हता. खालच्या बाईंचा मेसेज अकरा बावीसचा. त्यांचं घड्याळ आपल्यापुढे चार तास. प्रणालीने गाडीतून आरडाओरडा ऐकून वेळ बघितली होती, तीन वाजून वीस-पंचवीस मिनिटं. डब्याचं कधी सांगितलं होतंस का पोरीला, असं मी नितेशला दहादा विचारलं. तो शपथेवर नाही म्हणतो. मी उत्तर शोधायचा प्रयत्न सोडलेला नाही, पण सापडलेलं नाही.

आईला एवढंच विचारलं, की नितेशला डबा का नाही ऐकू आला?

"त्याला कवा आइकू आला? दर टायमाला मीच चिखलात उतरून कान धरून भायेर आनलाय."

आता हा भाऊ तिकडे मित्रांना सांगतोय, की माझ्या आईने मला हाक मारली. नितेश, तू हा ग्रुप वाचतोस, मला माहीत आहे. हाक तुला नव्हती आली. तुला तिथे बोर्ड लावला होता, चांगला पिवळा, चित्रासकट. आणि मागच्या रविवारी स्वरा फोनवर म्हणाली, पप्पांनी नवी बादली आणली. मी आईला हे अजून सांगितलेलं नाही. पण आज सकाळी बघितलं तर ती लाटणं उशाशी घेऊन झोपली होती.