फियाटभोवती पसरलेलं पीठ

कापडे गावच्या सयाजीचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्यात सगळा दोष त्याचाही नव्हता. उमेदीची सगळी वर्षं मुंबईत टॅक्सी चालवलेला माणूस. मागे बसलेलं गिऱ्हाईक भाडं देणार की सिग्नलला दार उघडून पळणार, हे त्याने जन्मभर डोक्यावरच्या आरशात बघून ठरवलं. बरेचदा त्याचा अंदाज खरा निघाला आणि तिथेच तो बिघडला. गावी परत आल्यावर समोरचा आरसा गेला, पण बघणं तसंच राहिलं. वाणी मापात मारतो, शेजारचा महिपती बांध सरकवतो, एसटीचा कंडक्टर मुद्दाम थांब्याच्या पुढे उतरवतो. "देवळात गेलात तरी चपला काखेत घेऊन नमस्कार कराल तुमी," असं त्याची बायको साळूबाई म्हणायची.

या सगळ्या जगात त्याचा जीव होता तो एका डुक्कर फियाटवर. नाक फुगवून बसलेल्या डुकरासारखी दिसते म्हणून मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीच त्या जुन्या गाडीला हे नाव दिलेलं. सयाजीने तरुणपणी पहिली टॅक्सी चालवली ती हीच. टॅक्सीचा मालक शेठ वारला, त्याचं गॅरेज मोकळं करायची वेळ आली, तेव्हा कोपऱ्यात उंदरांनी घर केलेली ही गाडी सयाजीने मागून घेतली आणि टेम्पोत घालून गावी आणली. बैल विकल्यामुळे गोठा रिकामाच होता. साळूबाई म्हणाली, "शेण काढायचं सुटलं, आता तेलाचे डाग काढते."

तेव्हापासून किती शिमगे गेले, गाडीचं काम चालूच होतं. गंजलेली पट्टी न पट्टी घासायची, लाल ऑक्साइडचा हात मारायचा, पसंत पडला नाही की खरवडून पुन्हा पहिल्यापासून. अडकलेला नट रॉकेलात भिजवून त्याच्याकडे दिवसभर बघत बसायचं. इंजिन गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. ते दोनदा जुळलं आणि आवाज मनासारखा आला नाही म्हणून दोनदा सुटलं. घाई कसली नव्हतीच. सीटा मात्र त्याने महाडहून नव्या शिवून आणल्या होत्या आणि त्यांच्यावर बसायची कोणाला परवानगी नव्हती. लेक राजेश मुंबईहून आला की दारातूनच बघायचा.

गणपतीत राजेशने दारातूनच मोबाइलवर गाडीचे फोटो काढले आणि म्हणाला, "बाबा, पार्टी हाय. शूटिंगवाल्यांना असल्या गाड्या लागतात. इंजिन नसलं तरी चालेल बोलतात."

"तुझ्या बापाचं काळीज नसलं तर चालेल काय?" सयाजी म्हणाला, आणि दोघे त्या गणपतीत पुन्हा बोलले नाहीत.

आणि आता, फाल्गुनात, गाडीचा मीटर पडायला लागला.

जुन्या टॅक्सीचा मीटर बाहेर, बॉनेटच्या डाव्या अंगाला असतो. त्याला लोखंडी झेंडा असतो. भाडं बसलं की ड्रायव्हर झेंडा फिरवून खाली पाडतो, टिंग करून घंटी वाजते आणि मीटर सुरू होतो. सयाजी रोज गोठ्याला कडी घालताना झेंडा उभा करून जायचा, आणि दुसऱ्या दिवशी कधीतरी तो खाली पडलेला असायचा. मागच्या डाव्या दाराच्या मुठीवरची धूळ पुसलेली असायची. एकदा तर मागच्या सीटवर बूड टेकल्यासारखा खळगा दिसला.

सयाजीच्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. राजेशची पार्टी येऊन गाडी बघून जाते आहे. तो महाडला सामानाला गेला की कोणीतरी त्यांना गोठा उघडून देतं. कोण? महिपती? पण त्याने कडी उघडली असती तर दारातल्या कुत्र्याने भुंकून आळी गोळा केली असती; ते घरच्या माणसावरच तेवढं भुंकत नाही. त्यात साळूबाई हल्ली राजेशशी फोनवर बोलताना सयाजी आला की आवाज उतरवायची, "ठेवते रे" म्हणायची. दोघं मिळून गाडी विकणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. गाडी गेल्याचं दुःख तो पचवू शकला असता. पण साळूबाई? ज्या एका माणसाला त्याने कधी आरशात बघून तपासलं नव्हतं, तीच? त्याला जेवण जाईना.

पुरावा हवा होता. सकाळी साळूबाई पाण्याला गेल्यावर त्याने भाकरीच्या डब्यातलं तांदळाचं पीठ घेतलं आणि गाडीच्या चारी बाजूंनी चाळणीने पातळ पसरलं. स्वतःच्या अकलेवर तो खूश झाला. मग ती परत आल्यावर पिशवी घेऊन मोठ्याने म्हणाला, "महाडला जाऊन येतो गो."

"आज? आज चवदार तळ्यावर सत्याग्रहाच्या दिवसाची गर्दी. एसटीत पाय ठेवायला जागा भेटायची नाय."

"उभा जाईन," तो म्हणाला. मला घालवायची घाई नाही असं दाखवते आहे, असं त्याला वाटलं.

तो फाट्यापर्यंत गेला, मागच्या वाटेने परत आला आणि गोठ्यामागे पेंढ्याच्या उडवीआड बसला. ऊन चढलं. कडी वाजली. मग आतून स्पष्ट ऐकू आलं: टिंग.

तो चोर बाहेर यायची वाट बघत राहिला. कोणी आलं नाही. शेवटी त्याने टायर काढायची लोखंडी टॉमी हातात घेतली आणि दार ढकललं.

पिठात पावलं उमटली होती. लहान, अनवाणी, आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली जोडव्याची गोल खूण. ती मीटरपाशी गेली होती, तिथून मागच्या डाव्या दाराशी. आत गेलेली पावलं होती, परत आलेली नव्हती.

साळूबाई मागच्या सीटवर बसली होती. एकटीच. पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला, पिशवी मांडीवर, पाठ ताठ. काचेतून ती शेणाने सारवलेल्या भिंतीकडे बघत होती, बाहेर काही मागे सरकत चाललं असावं तशी.

"तुझी पार्टी कुठंय?" सयाजी ओरडला.

ती दचकली. त्याच्या हातातल्या टॉमीकडे तिने बघितलं, मग खाली बघितलं. पांढरी झालेली स्वतःची पावलं दिसली, गाडीच्या उघड्या दारातून, आता उजेड आल्यावर, जमिनीवरचं पीठ दिसलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"मेलं कोण आपल्यात?" तिने विचारलं. "राजेशला काय झालं काय?"

तेव्हा सयाजीला आपण काय केलं ते कळलं. माणूस गेला की दिव्यापाशी पीठ पसरतात आणि गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते त्यावरच्या पावलावरून बघतात. त्याच्या आईच्या वेळी हे पीठ साळूबाईनेच पसरलं होतं. चोर पकडायच्या नादात त्याला एवढंही आठवलं नव्हतं.

"कोणी मेलं नाय गो," तो चाचरत म्हणाला. "चोरासाठी पसरलं हुतं."

"चोरासाठी." तिने आपल्या पावलांकडे पुन्हा बघितलं. "मंग घावला की चोर."

"तू आणि राजेश फोनवर..."

"त्याला सांगत हुते, बापाच्या गाडीचं नाव काढू नको. तुमच्यासमोर त्याचं नाव घेतलं की तुमी भडकता, म्हणून हळू बोलते."

"मंग हितं काय करतेस?"

साळूबाईने मांडीवरची पिशवी सीटवर ठेवली. "राजेश कडेवर हुता," ती म्हणाली. "परळला बिऱ्हाड केलं तवा. स्टँडवर ही गाडी उभी हुती, हीच. मी ह्याच दाराला हात घातला हुता. तेवढ्यात बॅगावाला आला, विमानतळाचं भाडं. तुमी बोललात, तू बशीनं ये. घरी येऊन त्या भाड्याचं कौतुक पण सांगितलंत. सगळ्या मुंबईला बसवलीत ह्या गाडीत. मला कवा बसवलीत?"

सयाजीला तो बॅगावाला आठवला. त्याची बॅगसुद्धा आठवली. दाराला हात घातलेली बायको काही केल्या आठवेना, आणि त्याचीच त्याला फार लाज वाटली.

त्याने टॉमी खाली ठेवली. खांद्यावरचा टॉवेल घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि गाडीभोवतीचं सगळं पीठ पुसून काढलं. मागच्या दाराशी आल्यावर तिची पावलंही त्याच टॉवेलाने पुसली. तिने पाय मागे घेतले, मग राहू दिले. पुढे जाऊन त्याने मीटरचा झेंडा उभा केला आणि नव्याने खाली पाडला. टिंग वाजलं. तो इंजिन नसलेल्या गाडीच्या स्टिअरिंगमागे बसला आणि सवयीने हात वर करून आरसा नीट केला.

"कुठं जायचं?" त्याने विचारलं.

त्याने आरशात बघितलं. साळूबाई त्याच्याकडेच बघत होती, ह्या ड्रायव्हरचा भरवसा धरावा की नाही ते ठरवत.