केराबाईनं अंगठा दिला नाही

केराबाईला कुणी दम दिला की ती मागं सरायची नाही, उलट पदर खोचून पुढं यायची. नवरा धुळाप्पा म्हणायचा, "हिच्यासमोर लांडगाबी इचार करून येतो."

ही सांगोल्याकडची धनगर जोडी. चौऱ्याहत्तर सालचा दसरा करून ती मेंढरं घेऊन सोलापूरच्या दक्षिणेकडच्या माळावर उतरली. त्या वर्षी उसावर कीड पडली होती. औषध फवारायला एका खाजगी कंपनीनं छोटं विमान आणलं होतं आणि माळावर मुरूम दाबून धावपट्टी केली होती. पायलट मानसिंग माढ्याकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. आल्या दिवशीच तो पायी चालत केराबाईच्या पालापाशी आला.

"मावशी, एक मेंढरू आडवं आलं तर तेही जाईल आणि मीही जाईन. ओढ्याच्या पलीकडंच चारा."

"एकबी अलीकडं येणार न्हाय," केराबाई म्हणाली. "शब्द हाय माजा."

तिनं तो पाळला. पलीकडचा चारा खुरटा होता, तरी पाळला.

एके दिवशी दुपारी ती कंपनीच्या तंबूपाशी प्यायचं पाणी भरायला गेली, तेव्हा आत मॅनेजर आणि मानसिंग यांची जुंपली होती.

"ऊन बघा साहेब. हवा तापून विरळ झालीय, वारा पार पडलाय. भरल्या टाकीनं हे उचलणार नाही. अर्धं औषध नेतो, एक फेरी जास्त मारतो."

"जास्त फेरी म्हणजे जास्त पेट्रोल. ते कोण देणार, तुझा बाप? भीती वाटत असेल तर घरी जा. पायलट पुष्कळ मिळतात."

मानसिंग बाहेर आला, केराबाईकडं बघून कसनुसं हसला आणि डोक्यावर टोप चढवून विमानाकडं गेला.

ती घागर घेऊन ओढा उतरत होती तेव्हा विमान पळायला लागलं. रोज अर्ध्या पट्टीत उडायचं ते आज उडेचना. शेवटाला जरासं उचललं, डुलकी घेतल्यासारखं एका अंगाला कललं, बांधाला चाक अडकलं आणि बाभळीत जाऊन उलटं पडलं.

घागर तिथंच टाकून ती धावली. मागून धुळाप्पा ओरडत होता, "आगं जाऊ नगंस! पेट घेईल त्ये!" पेट्रोलचा वास नाकात भरला होता. मानसिंग पट्ट्यांत उलटा लोंबत होता, डोक्यातून रक्त गळत होतं. डहाळ्या तोडायचा कोयता तिच्या कमरेलाच असायचा. तिनं करकरा पट्टे कापले, त्याला बखोटीला धरून ओढलं. दहा-बारा हात आली असेल नसेल, तोच मागं भडका उडाला. त्याच्या पायाला आग लागली होती. अंगावरची घोंगडी टाकून, वरून स्वतः पडून तिनं ती विझवली. त्यात तिचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला.

मानसिंगला सोलापूरला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजर पोलीस जमादाराला घेऊन पालावर आला. सोबत लिहून आणलेला जबाब होता.

"मेंढरं पट्टीवर आली म्हणून अपघात झाला. अंगठा दे. गरीब आहेस, केस करणार नाही."

धुळाप्पाचं तोंड उतरलं. "दे की गं. सुटू एकदाचं."

"कशातनं सुटायचं? बांधलंय कुनी?" केराबाईनं फडकं गुंडाळलेला हात पुढं केला. "ह्यो अंगठा जळलाय सायेब. आन् दुसरा खोट्यावर उठत न्हाय. माजी मेंढरं वड्याच्या पल्याड हुती. टाकीवरनं तंबूत भांडान झालं त्ये म्या ऐकलंय. त्ये लिवा, मग बगू."

"मेंढरं कोंडवाड्यात घालीन!"

"घाला. पर मला आत घ्यायला इसरू नगा."

जमादार मिशीत हसला आणि कागद घडी करून मॅनेजरच्या हातात देऊन निघून गेला.

मग ती तशीच चालत दवाखान्यात गेली. मानसिंगचा पाय बांधलेला होता. मॅनेजर त्याच्याकडंही आधीच येऊन गेला होता: मेंढरांचं नाव घे, नोकरी राहील, नाहीतर पायलटची चूक म्हणून लिहू.

"तुमी काय सांगनार हाय?" तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

तो छताकडं बघत म्हणाला, "मावशी, उडणं सोडून मला दुसरं काही येत नाही."

"आगीतनं काडलं म्हनून म्या इचारत न्हाय. त्ये कुनासाटीबी केलं असतं. पर तुमी खोटं बोलला तर उद्या त्यो मॅनेजर दुसऱ्या कुनाच्या लेकराला तसाच बसवील. त्याला काडायला म्या कुटं कुटं पुरू?"

मानसिंगनं डोळे मिटून घेतले. म्हणाला, "चूक माझीही झाली. मी बसायलाच नको होतं."

"मग त्येबी सांगा की."

विमान अपघातांची चौकशी करणारा सरकारी अधिकारी आला तेव्हा मानसिंगनं कुबड्यांवर उभं राहून दोन्ही गोष्टी सांगितल्या: टाकी कुणी भरायला लावली, आणि आपण नाही म्हणायला कसे कचरलो. केराबाईनंही ऐकलं आणि पाहिलं तेवढंच सांगितलं. अहवालात मेंढरांचं नाव आलं नाही. कंपनीचं काम थांबलं आणि तंबू उठले.

मानसिंगची नोकरी गेलीच. वर्षभर तो गावी बसून होता. पुढं खानदेशात कापसावर फवारणीचं काम मिळालं, तेव्हा मालकाला त्यानं आधीच बजावलं, "वजन मी ठरवणार. पटत नसेल तर आत्ताच सांगा." मालकाला पटलं.

केराबाईची बोटं मात्र आखडली ती आखडलीच. डाव्या हातानं लोकर कातरायला ती शिकली. तंबू उठण्याआधीच मॅनेजरच्या सांगण्यावरून माळाचा मालक तिला हुसकायला आला होता.

"मेंढ्या गाभण हायती," ती म्हणाली. "हितनं हालनार न्हाय."

तो शिव्या देत गेला, दोनदा परत आला, ती हलली नाही. मेंढ्या व्याल्या, कोकरं पायावर उभी राहिली, उड्या मारायला लागली. मग एका सकाळी केराबाईनं आपणहून बिऱ्हाड घोड्यावर घातलं आणि धुळाप्पाला हाक मारली, "चला, आता जाऊ."