अळणीशिवायचा खिमा

कोल्हापुरात बर्गर अजून मिळत नव्हता, तेव्हाची गोष्ट. दर रविवारी मटणाच्या रांगेत एक म्हातारा दिसायचा. हातात स्टीलचा डबा, आणि खाटकाच्या सुरीवर पोलिसासारखी नजर. एकदा त्यानं नेहमीचं मटण सोडून खिमा घेतला आणि रांगेलाच मोठ्यानं विचारलं, "बर्गर येतो काय कुणाला? अमेरिकेतनं नातू आलाय. रस्सा तोंडात धरंना. आन् माझी टिक्की तव्यावर फुटतीया."

मी मुंबईत हॉटेलात राबलेलो. विचारल्यावर कळलं, तो खिमा आधी हळद-मीठ घालून उकडत होता. आमच्या कोल्हापुरात आधी अळणी, म्हणजे हळद-मिठात उकडल्याचं पाणी, काढल्याशिवाय मटणाला कुणी पुढं हात लावत नाही. मी म्हटलं, "कच्चाच थापा. चरबी राहू द्या. मसाला अजिबात नको, नुसतं मीठ-मिरी."

आडनाव बदलायला सांगितल्यासारखं त्यानं माझ्याकडं बघितलं.

पुढच्या रविवारी मी विचारलं, "जमला का?"

"जमला की. पोरानं दोन खाल्लं. म्हणालं, आजोबा, अगदी आमच्या तिथल्यासारखा लागतोय."

"मग झालं तर."

"काय झालं, पावणं?" डब्याचं झाकण दाबत तो म्हणाला. "काल अमेरिकेला परत गेला त्यो. माझ्या हातचं कायच खाल्लं न्हाई त्येनं."