कुत्र्यावाली

आमच्या घरात तव्यावरची पहिली भाकरी मला कधी मिळाली नाही. ती कुत्र्याची. मी पहिल्या पाळीला निघालेला, पायात बूट, कंपनीची बस सुटायची वेळ झालेली, तरी माझी बायको भाकरी मोडणार, फुंकून गार करणार आणि आधी दारात घालणार. मी ओरडलो की म्हणायची, "तुम्हाला मागता येतं. त्याला न्हाई येत." मग दुसरी माझ्या ताटात पडायची. तीही कधी कधी करपलेली.

कारेगावात तिला नावानं कुणी ओळखत नव्हतं. गावची माणसं कुत्र्यावाली म्हणायची आणि कंपनीतली बिहारची पोरं कुत्तेवाली भाभी. तिला त्याचं काही नव्हतं. मला होतं. मी एकदा म्हटलं, "अगं, लोक हसतात." ती म्हणाली, "हसंनात का. रडत असते तर जाऊन इचारलं असतं."

आम्ही दोघंही धनगराचीच लेकरं. फरक एवढाच, की माझ्या बापानं मेंढरं विकून कवठे येमाईला शेती धरली आणि तिचा बाप दौंड तालुक्यात भीमेच्या काठानं अजून मेंढरं चारत होता. मी सातवीत शाळा सोडली. रांजणगावची एमआयडीसी नवी होती तेव्हा कंपनीत चिकटलो, लग्न झालं आणि कारेगावात पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. ही बाई जन्मभर उघड्यावर वाढलेली. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तिनं विचारलं, "हितं वारं कुठनं येतं?" मी पंख्याचं बटण दाबलं. शिळं वाढल्यावर पाहुणा ताटाकडे बघतो, तसं तिनं पंख्याकडे बघितलं.

माझी पाळी दर आठवड्याला बदलायची. रात्रपाळी असली की ती एकटी. बाहेर नगर रस्त्याचे ट्रक, शेजारी भाषा न कळणारी माणसं. मी सकाळी यायचो तर ही भिंतीला पाठ लावून बसलेली. जेवण कमी झालं, मग बोलणं कमी झालं. एक दिवस मला वाढता वाढता म्हणाली, "कुत्रं आणा, न्हाईतर मला दौंडला सोडून या." भांडण नाही, रडणं नाही. मीठ संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. मी "बघू" म्हणालो.

सुट्टीच्या दिवशी सासऱ्याच्या तळावर गेलो. म्हातारा मेंढीची धार काढत होता. मी म्हटलं, "मामा, एक पिल्लू पाहिजे होतं."

"कुणाला?"

"आम्हाला. खोलीवर."

"तुमी दिसभर कंपनीत. रातचं बी कंपनीत. त्याला भाकर कोण घालणार?"

"तुमचीच पोरगी की."

"मग तिला लावून द्या. ज्याच्या हातची भाकर खायची, त्याच्याच हातात पिल्लू द्यायचं, ही आमची रीत हाय. तुमच्या बानं मेंढरं इकली, तुमास्नी काय ठावं?"

मी म्हटलं, मग विकत द्या. म्हातारा पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसला. "जावईबापू, कुत्रं इकत्यात व्हय? पोरगी तरी इकली व्हती का तुमाला?"

घरी येऊन सांगितलं, तर तिचा चेहरा असा काही फुलला की मला धास्तीच बसली. एकदा मोकळ्या रानात पोचल्यावर ही कशाला परत येते? पण जाऊ नको म्हणायला तोंड नव्हतं. तिला शिरूरच्या स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. खिडकीतून विचारलं, "कवा येशील?" म्हणाली, "पिल्लू माझ्या हातचं खायला लागलं की."

दिवसांवर दिवस गेले. पिल्लू खायला एवढा वेळ घेतं का? मी मेसमध्ये जेवत होतो. तिथली पोळी कोपरानं दाबली तरी तुटायची नाही. शेजारचा बिहारी रोज विचारायचा, "भाभी कब आ रही है?" मी म्हणायचो, "आयेगी." कवठ्याहून आईचा निरोप आला, जाऊन घेऊन ये. मी गेलो नाही. यायचं असेल तर येईल, म्हटलं.

मग एका दुपारी दुसऱ्या पाळीला जायला दार उघडलं, तर ही समोर उभी. पोटऱ्यांपर्यंत धूळ, तुटलेली चप्पल हातात, आणि पदराच्या झोळीत काळंभोर पिल्लू.

"चालत आलीस?"

"कंडक्टर म्हणला, कुत्रं यष्टीत घेत न्हाई. मी म्हटलं, मग मला बी यायचं न्हाई तुझ्या यष्टीत."

"अगं, एवढं लांब?"

"न्हावऱ्याला मावशीकडं मुक्काम केला. मेंढरं काय रिक्षानं जात्यात का?" मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "वाळलाय तुमी." एवढं बोलून स्टोव्ह पेटवायला बसली. त्या दिवशी माझा खाडा झाला.

कुत्र्याचं नाव मी टायगर ठेवलं. ती गड्या म्हणायची. टायगर म्हटलं की ते कानही हलवत नव्हतं. मी साखळी आणली, तिनं ती माझ्या सायकलीला लावली. म्हणाली, "बांधलेलं कुत्रं नुसतं भुकतं. राखत न्हाई." आता खोलीत मेंढरं कुठून आणायची? तर गड्यानं आळीतली पोरं राखायला घेतली. पोरगं नगर रस्त्याकडं निघालं की हा आडवा. संध्याकाळी सगळी पोरं एका भिंतीशी गोळा करून पुढ्यात बसायचा. बायका आधी बोंबलल्या. मग त्याच बायका पोरं त्याच्यावर टाकून बिनघोर कामाला जायला लागल्या. एकदा घरमालक आला आणि म्हणाला, कुत्रं काढा नाहीतर खोली सोडा. ही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सोडते की. पण ह्या समद्यांच्या पोरास्नी आता तुमी राखा." मागं आळीतल्या सगळ्या बायका उभ्या होत्या, मराठी बोलणाऱ्या आणि न बोलणाऱ्याही. मालक चहा पिऊन गेला.

आमची दोन पोरंही गड्यानंच वळली. म्हातारा होऊन तो गेला, तेव्हा तिनं आपल्या हातानं खड्डा केला, मला कुदळ धरू दिली नाही. थोड्या दिवसांनी मी विचारलं, "दुसरं आणायचं का?" ती म्हणाली, "आता कशाला? आता मला समदी वळखत्यात."

गेल्या साली ती अंथरुणाला खिळली. औषधं झाली, डॉक्टर झाले, मग घरीच ठेवा म्हणाले. एका दुपारी मी उशाशी बसलो होतो, तर आपणहून बोलायला लागली.

"त्या वक्ताला मी माघारी फिरणार व्हते."

"कवा?"

"पिल्लू घेऊन आले तवा. बा म्हणला व्हता, जाऊ नको, ऱ्हा हितंच. तरी निघाले. भीमेच्या पुलावर आले आन् पाय उचलंना. बसले कठड्याला. खाली पाणी, मागच्या अंगाला मेंढरं. म्हटलं, त्या पत्र्यात जाऊन काय करायचं? पिल्लू खाली ठिवलं. तर ते शिरूरच्या अंगाला चालाय लागलं. त्याला काय ठावं, कुठं शिरूर आन् कुठं दौंड."

"म्हणून तू आलीस?"

"न्हाई वो. त्याला धरून आणलं परत. आन् इचार केला, आपुन न्हाई गेलो तर हे येतील का न्यायाला?"

मला खोटं बोलता येत नाही. मी म्हटलं, "मी नसतो आलो."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "म्हणून तर उठले."

मग पाणी मागितलं. मी चमच्यानं पाजलं. तेवढंच तिच्यासाठी माझ्या हातून झालं.